डालड्याच्या डब्यातला देवदार

सोमवारी श्रावणातल्या कानबाई देवीला नदीवर पोचवून सगळे परत आले, तेव्हा ज्योत्स्नाने प्रसादाच्या रोटांच्या टोपलीवरचं फडकं उचलून पाहिलं होतं. मंगळवारी सकाळी मनूला मांडीवर पाजता पाजता तिने हात लांब करून पुन्हा पाहिलं. रोट होते तेवढेच होते. उलट वरचे काही कालच्यापेक्षा ताजे वाटत होते.

या घरची रीत तिला लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात सासूच्या जागी असलेल्या थोरल्या जावेने सांगितली होती. कानबाईच्या रोटाचे गहू घरातल्या माणसांच्या नावाने मुठीने मोजायचे. त्या पिठाचे रोट घरच्याच माणसांनी खायचे. शेजारी घास द्यायचा नाही, दारच्या गायीला नाही, कुत्र्याला नाही. पीठ उरलं तर त्याचेही रोटच करायचे. आणि शेवटचा रोट पोटात जाईपर्यंत घरातल्या कोणी गावाची शीव ओलांडायची नाही. पारोळ्यात घरोघरची रीत थोडी वेगळी, वखारवाल्यांची ही अशी. एरवी सोमवारी दुपारीच दूध-गुळात कालवून रोट संपायचे आणि पाहुणे एसटी स्टँडकडे लागायचे.

यंदा संपत नव्हते. आणि उद्या जळगावहून झेलम एक्सप्रेसचं रिझर्वेशन होतं. तिचं, नवऱ्याचं म्हणजे लीलाधरचं, आणि सासऱ्यांचं, नानांचं.

ती मनूला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात गेली. थोरली जाऊ कमल परातीत पीठ मळत होती.

"ताई, अजून?"

"पीठ उरलंय. टाकता येत नाही ना." कमलने वर पाहिलं नाही. "मनूची ढेकर काढलीस का? मघाशी तशीच झोपवलीस."

ज्योत्स्नाने मनूच्या पाठीवर थोपटायला सुरुवात केली. जळगावच्या माहेरी बाळंतपण करून ती इथे आली तेव्हापासून मनूचं न्हाणं, धुरी, ढेकर काढणं, सगळं कमलच्या हातचं. कमलला स्वतःचं मूल नव्हतं. पण तान्ह्याला कसं धरावं ते तिच्याकडूनच शिकावं, असं तिचं धरणं होतं. त्यामुळे तिच्याशी वाकडं बोलायचं ज्योत्स्नाच्या जिभेवर येईना. पण एवढं तिलाही कळत होतं की गव्हाच्या मुठी मोजताना यंदा काहीतरी झालं आहे.

मुठी मोजायच्या त्या नानांच्या हाताने. पुना नाना घरातले सगळ्यात मोठे पुरुष, सॉ मिल त्यांनी उभी केलेली, आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं फार पूर्वी गोल करवतीने नेलेली. म्हणून त्यांची मूठ भरायचीच नाही, गहू बोटांच्या जागेतून गळायचे. सासू गेल्यापासून ते गहू दळायला नेताना कमल प्रत्येकाच्या नावाने वरून थोडे घालायची, आणि नानांना ते माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. यंदा तिचं ते ‘थोडे’ बहुतेक फार झालं होतं.

बाहेर ओसरीवर लीलाधर बाजेवर उताणा पडला होता. लष्करातला हवालदार माणूस, डोंगर चढायची सवय असलेला, पण सकाळपासूनच्या रोटांनी त्याला आडवा केला होता. ज्योत्स्नाने त्याला हळूच विचारलं, अजून किती खाता येतील. त्याने नुसते डोळे मिटले.

*

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ताईबाई काकू बसल्या होत्या. नानांच्या थोरल्या भावाची, वनाची बायको. वना जाऊन बरीच वर्षं झाली, त्या एरंडोलला राहायच्या आणि कानबाईला न चुकता यायच्या. तोंडात दात नव्हते, त्यामुळे दुधात भिजवून भिजवून एकेक रोट पुरवून खायच्या. आणि यंदा त्यांची मोठी पंचाईत झाली होती. घरी म्हैस व्यायला झाली होती आणि गोठ्यात शेजारीण होती, जिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

नानांनी लीलाधरबरोबर पहाडावर जावं हे काकूंना मुळीच पसंत नव्हतं. म्हातारपणी माणसाने आपल्या मातीत बसावं, हे त्यांनी रविवारी जागरणाच्या गाण्यांच्या मधेमधेही दोनदा ऐकवलं होतं. म्हणजे रोट संपू नयेत या बाजूला त्या असायला हव्या होत्या. पण म्हशीसाठी रोट लवकर संपायला हवे होते. त्या दोन्ही बाजूंना शिव्या देत खात होत्या.

"कमल, कितला रोट करी राहिनी तू?" त्यांनी आत ओरडून विचारलं. "गावजेवण शे का?"

आतून उत्तर आलं नाही. काकूंनी वाटी पुढे सरकवली आणि ज्योत्स्नाला म्हणाल्या, दूध घाल आणखी, नि गूळ फोड. मग आवाज खाली आणून, धाकटी असलीस तरी मुलीची आई आहेस, तर सांगते, तुझी जाऊ वाईट नाही. भ्यालेली आहे.

ज्योत्स्नाला ते कळत होतं. या घरात नानांना कुठली भाजी कितीशी तिखट लागते हे कमल सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. खोकल्याची ढास आली की ती रात्रीतून कधी उठते ते तिच्या नवऱ्याला, धनसिंगलाही कळायचं नाही.

आणि ढास आता रोजची झाली होती. धुळ्याच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं होतं, जन्मभराचा लाकडाचा भुसा छातीत बसला आहे. मिल बंद करा नाहीतर यांना तरी तिच्यापासून दूर ठेवा, निदान काही महिने. घर आणि मिल यांच्यात एक भिंत होती आणि तीही अर्धीच.

लीलाधरला हिमालयातल्या रानीखेतला क्वार्टर मिळालं होतं. खिडकी उघडली की समोर देवदार.

*

देवदार या घरात नवा नव्हता. नानांच्या मिलमध्ये तो वॅगनने यायचा, पठाणकोटहून, जळगावच्या मालधक्क्यावर. तिथून ट्रकने. चौकोनी तासलेले फिकट पिवळे ओंडके, करवत लागली की अर्ध्या पारोळ्याला वास. वाळवी त्याला शिवत नाही म्हणून असोद्यापासून शिरपूरपर्यंत ज्यांच्या हातात केळीचा पैसा आला त्यांनी नानांकडून देवदाराची दारं नेली. पण ते झाड नानांनी कधी पाहिलं नव्हतं. साग पाहिला, खैर, अंजन, शिसव पाहिला, सातपुड्यात स्वतः जाऊन. देवदार मात्र नेहमी पाय तोडलेला, मान तोडलेली, आडवा.

मनूच्या बारशाला लीलाधर रजेवर आला तेव्हा त्याने डालड्याच्या डब्यात एक रोप आणलं. दिल्लीपासून मांडीवर. वितीपेक्षा थोडं मोठं, निळसर हिरव्या सुयांचं, शेंडा जरा मान टाकलेला. कल्पना ज्योत्स्नाची होती. तिने पत्रात लिहिलं होतं की नाना तुमच्या बोलण्याने निघणार नाहीत, झाड पाहिल्यावर निघतील.

आणि ते खरंही झालं होतं. त्या दिवशी नाना डब्यासमोर उकिडवे बसले ते उठेचनात. शेंडा असा वाकलेला का, विचारलं. लीलाधर म्हणाला, कोवळेपणी असाच असतो, मोठेपणीही वरचं टोक थोडं लवतं. नानांनी त्या टोकाला राहिलेल्या बोटाने खालून आधार दिला, जसा मनूच्या मानेला देत होते, आणि म्हणाले, बरं. बघू. पावसाळ्यात बघू.

पावसाळा आला. रोप तपकिरी झालं होतं. हात लावला की सुया गळत होत्या.

*

दुपारच्या जेवणाला पुन्हा रोट. लाल भोपळ्याची भाजी, दही, आणि रोट. धनसिंग मिलचा पट्टा बंद करून हात धुऊन आला आणि ताटावर बसला. त्याच्या भुवयांत भुसा होता. तो भावापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, बोलायला कमी, आणि त्याच्या मनात सकाळपासून एकच गोष्ट फिरत होती. सकाळी तोताराम सुतार दाराच्या चौकटी न्यायला आला होता आणि सहज म्हणाला होता, नानांना धाकट्याकडे पाठवताय म्हणे.

पाठवताय. धनसिंगला तो शब्द घासासारखा अडकला होता. गावात आता हेच होणार. थोरल्याने मिल ताब्यात घेतली, बापाला खोकला झाला, बाप धाकट्याच्या दारी. तो हे कोणाला बोलून दाखवणार नव्हता. त्याने रोट मोडला आणि ताटात तसाच ठेवला. मग ज्योत्स्नाच्या लक्षात आलं की थोरले दीरही हळू खात आहेत.

लीलाधरने पुन्हा विषय काढला. शांतपणे काढला. उद्या सकाळच्या एसटीने निघावं लागेल, तिकीट आहे, खालची बर्थ मागून घेतली आहे. दिवाळीपर्यंत राहा. हवा मानवली नाही तर मी स्वतः आणून सोडतो.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते उठले, ओसरीच्या कोपऱ्यातला डालड्याचा डबा उचलून आणला आणि ताटाशेजारी ठेवला.

"हाई देख," ते म्हणाले. "पहाडनं झाड शे. आठे जगनं नही. मी आठला माणूस. मी तठे कसा जगसू?"

धनसिंगने सुटल्यासारखा श्वास घेतला आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली, म्हणून त्याने ताटातला रोट भराभर संपवला.

लीलाधर म्हणाला, नाना, झाड वेगळं, माणूस वेगळं. नाना म्हणाले, मी लाकूडवाला आहे, मला झाडातलं कळतं. काकू दूध ओरपत होत्या, त्यांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, खरं बोलतोय माझा दीर. पण नाना खोकायला लागले. खोकला लांबला, लांबतच गेला, नानांचा हात जमिनीवर टेकला, आणि काकूंचा चेहरा बदलला. एवढं आहे हे, त्या कमलला म्हणाल्या. मला कोणी सांगितलं नाही की एवढं आहे.

कमल तोपर्यंत नानांच्या पाठीशी पोचली होती. एक हात पाठीवर, एक छातीवर, मधल्या वेळात ती त्यांना श्वास कसा घ्यायचा ते नुसत्या हाताच्या दाबाने सांगत होती. खोकला थांबल्यावर तिने डबा उचलला आणि घेऊन गेली.

*

नाना बाजेवर पडले होते. भिंतीपलीकडे धनसिंगने पट्टा सुरू केला. सागाची फळी चालली होती, आवाजावरून नानांना कळत होतं. साग चिरताना करवत जरा वरच्या सुरात जाते. देवदाराला ती कुरकुरत नाही. तो लोण्यासारखा फाकतो आणि मग वास येतो.

तरुणपणी त्यांना वाटायचं, ज्याचं लाकूड मेल्यावर असं दरवळतं त्याचं जंगल केवढं दरवळत असेल. हे त्यांनी एकदा बायकोला बोलून दाखवलं होतं. ती हसली होती. म्हणाली होती, एकदा जाऊ या, बद्रीनाथाच्या निमित्ताने. मग एकेक काहीतरी निघत गेलं. मुलीचं लग्न, नवी मोटर, तिचं आजारपण.

आता जायची सोय झाली होती. मुलगा न्यायला आला होता. सून तान्ही पोर घेऊन आली होती. आणि कमल अजून पीठ मळत होती.

नानांनी डोळे मिटले. त्यांना झोप येत नव्हती. ते पट्ट्याचा आवाज ऐकत पडून राहिले.

*

मागच्या अंगणात कमल डबा घेऊन उभी होती. उकिरड्यावर टाकायला आली होती आणि टाकवत नव्हतं.

वैशाख-ज्येष्ठात तिने ते रोप मुलासारखं सांभाळलं होतं. सकाळी ओसरीत, दुपारी माजघरात, संध्याकाळी तुळशीजवळ. मग ज्येष्ठात ऊन असं चढलं की कौलाखालीही अंग भाजायचं. लीलाधरने सांगितलं होतं, हे बर्फात वाढणारं झाड आहे. तेवढं तिने ध्यानात ठेवलं. सोडावॉटरवाल्याकडून तिने बर्फाचा तुकडा आणवला. आणि बर्फ राखायचा तर भुसा लागतो, हे मिलच्या घरातल्या सुनेला सांगावं लागत नाही. दर उन्हाळ्यात सोडावॉटरवाला, कुल्फीवाला, लग्नघरचे लोक, सगळे बर्फ राखायला इथूनच पोती भरून भुसा न्यायचे. तिने रोपाच्या बुडाशी बर्फ ठेवला, वर ताज्या भुशाचा जाड थर दिला, दाबून बसवला, आणि रोज वरून पाणी शिंपडलं.

काही दिवसांनी सुया पिवळ्या पडायला लागल्या तेव्हा तिने भुशात हात घातला. आतून तो ताप आल्यासारखा गरम होता. ओला भुसा दाबून ठेवला की असा तापतो हे तिला ठाऊक नव्हतं. मिलच्या मागच्या ढिगातून पावसाळ्यात वाफ निघताना तिने पाहिली होती, पण तिचा या डब्याशी संबंध लावला नव्हता. तिने सगळा भुसा काढला, डबा आतून पुसला, मुळांवर नवी माती घातली. कोणाला बोलली नाही.

बोलायची गरजही पडली नव्हती. सगळ्यांनी ऊन म्हटलं. पारोळ्याच्या उन्हात पहाडाचं झाड कसं जगेल. आणि आज नानांनी तेच झाड ताटाशेजारी आणून ठेवलं, आणि तिला आतून एवढं हलकं वाटलं की तिला त्या हलकेपणाचीच भीती वाटली. तिला फक्त गप्प बसायचं होतं. उद्या झेलम निघून जाईल. नाना इथेच, तिच्या हाताखाली, तिच्या पाणी गरम करण्याच्या वेळात, तिच्या काढ्यात. आणि तो खोकला.

मागून ज्योत्स्ना आली. मनू तिच्या कडेवर होती आणि केस ओढत होती. ज्योत्स्नाचे डोळे सुजले होते.

ती कमलजवळ येऊन डब्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, चूक माझीच झाली ताई. मला वाटलं झाड पाहून त्यांचं मन होईल. मी जर ते आणायला लावलं नसतं तर त्यांना नाही म्हणायला काही कारणच सापडलं नसतं. एवढ्या लांबून त्याला आणलं आणि मारलं. आता नाना इथेच...

मनूने कमलकडे हात केले. कमलने डबा खाली ठेवून तिला घेतलं. मनूने सवयीने तिच्या खांद्यावर तोंड घासलं, लाळेने पदर ओला केला, आणि डोकं टेकलं.

कमलने तिच्या पाठीवर थोपटलं. मग तिने मनूला आईकडे दिलं, डबा उचलला, आणि उकिरड्याकडे न जाता ओसरीकडे चालायला लागली.

*

दिवेलागणीला सगळे ओसरीवरच होते. धनसिंग हातपाय धुऊन बसला होता, लीलाधर एसटीची वेळ उगीचच पुन्हा पुन्हा सांगत होता, काकू म्हशीची काळजी करत होत्या. कमलने डबा नानांच्या बाजेशी ठेवला आणि खाली बसली. पदर नीट केला.

"नाना, हे उन्हाने नाही गेलं."

नाना उठून बसले.

"मी मुळाशी बर्फ ठेवला. वर भुसा घातला, गच्च दाबून. पाणी शिंपडत राहिले. आत तापला तो. मुळं उकडली." तिचा आवाज सरळ होता, स्वयंपाकाचं सांगावं तसा. "वैशाखभर ते चांगलं होतं. नवी पालवी फुटली होती टोकाला. इथल्या उन्हात जगत होतं ते. मी मारलं."

धनसिंग बायकोकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांत तिने स्वतःहून कशाची कबुली दिल्याचं त्याला आठवेना, कारण कबुली द्यावी असं तिच्या हातून काही झाल्याचंही त्याला आठवत नव्हतं.

"आणि पीठ," कमल म्हणाली. "पीठही मीच जास्त दळलं."

"ते आम्हले मालूम शे," काकू म्हणाल्या.

नाना हसले. आधी नुसते गालातल्या गालात, मग खोकला येईल म्हणून आवरत. त्यांनी वाकून डबा जवळ ओढला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. पत्र्याच्या दुमडीत भुशाची बारीक रेघ अजून चिकटून होती.

"माले मालूम व्हतं," ते म्हणाले. "भुसामा जन्म गया मना. वास येस, बेटा. आंबेल भुसाना वास."

कमलने वर पाहिलं. "कधीपासून?"

"ज्येठपासून."

"मग आज झाडाचं नाव का पुढे केलंत?"

भिंतीपलीकडे मिल बंद होती, त्यामुळे त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता, आत जाताना थोडा शिट्टीसारखा.

"मंग काय तुनं नाव करू?" ते म्हणाले. "कमल रोट करस, माले जाऊ देत नही, असं सांगू पोरेसले?"

ज्योत्स्नाने मनूला छातीशी घट्ट धरलं. कमल खाली मान घालून बसली होती आणि तिच्या हातातला पदराचा शेव पिळला जात होता.

नाना पुढे म्हणाले, आणि हे ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले, की घरवाली गेली त्या दिवशी ही पोरगी चुलीपुढे बसली ती अजून उठलेली नाही. मला न्यायला मुलगा आला, सून आली, डॉक्टरने सांगितलं, सगळं खरं. पण जिने सांभाळलं ती जा म्हणत नाही तोवर मी उंबऱ्याबाहेर पाय कसा टाकू. झाड मेलं म्हणून राहिलो तर कोणाला वाईट वाटणार नव्हतं.

"मला वाटलं असतं," लीलाधर हळूच म्हणाला.

"तुले वाटनं तरी तू जवान शे. तू सहन करशी."

धनसिंगला आता बोलावं लागलं. तो भिंतीकडे पाहत म्हणाला की लोक बोलतील. कोणी विचारलं नव्हतं तरी त्याने सांगून टाकलं, तोताराम काय म्हणाला ते, आणि त्याला काय वाटलं ते. सांगून झाल्यावर त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता. काकू त्याच्या अंगावर गेल्या. तोताराम स्वतःच्या बापाला चौकटीच्या लाकडाइतकंही जपत नाही, आणि तू त्याच्या तोंडाचं ऐकतोस. एरंडोलला कोणी विचारलं तर मी सांगेन, माझा दीर पहाड बघायला गेलाय, साहेबासारखा, रिझर्वेशनने.

"काकू, तुम्ही तर जाऊ नका म्हणत होतात," ज्योत्स्नाला राहवलं नाही.

"म्हणत व्हती. असा खोकला आयकना नव्हता मी."

मग कमल उठली. आत गेली आणि पिठाचा डबा घेऊन बाहेर आली. सगळ्यांच्या देखत तिने तो परातीत उपडा केला, बुडावर थाप मारून शेवटचा कण पाडला. जे निघालं ते फार नव्हतं. पण आज रात्रीतच पोटात जायचं म्हणजे कमीही नव्हतं.

"जा, नाना," ती म्हणाली. ती नानांकडे पाहत नव्हती, पिठाकडे पाहत होती. "मीच म्हणते. जा."

नानांनी मान डोलावली.

*

चूल पेटली. ज्योत्स्ना लाटायला बसली, कमल भाजायला. काकूंनी मनूला मांडीवर घेतलं आणि तिला म्हशीच्या गोष्टी सांगायला लागल्या. धनसिंगने कधी नव्हे ते ताटं मांडली, आणि मांडता मांडता भावाला विचारलं, खालची बर्थ म्हणजे खिडकीजवळची ना? लीलाधर म्हणाला, हो. मग धनसिंग मिलमध्ये गेला आणि लाकडी पट्टीचं एक पाय-आसन घेऊन आला, जे तो गल्ल्यापाशी बसताना पायाखाली घ्यायचा. गाडीत नानांचे पाय लोंबतात, सुजतात, तो म्हणाला. लीलाधरने ते ट्रंकेवर ठेवलं.

जेवायला बसले तेव्हा कोणाला भूक नव्हती. तरी सगळे खात होते. लीलाधर दर घासाला डोळे मिटत होता. काकूंनी दुधाची तिसरी वाटी मागितली. नाना सावकाश, पण ताट साफ करत होते. ज्योत्स्नाने पोटभर खाल्लं आणि वर आणखी एक घेतला, कारण पाजणारी बाई म्हणून नाही म्हणायची तिला सोय नव्हती.

टोपलीत शेवटी एक रोट उरला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि कोणीच हात पुढे केला नाही. कमल अजून जेवली नव्हती. वाढणारी होती ती. तिने फडकं बाजूला केलं, टोपलीशीच मांडी घातली, आणि तो रोट कोरडाच मोडून खायला लागली. दूध घे, ज्योत्स्ना म्हणाली. कमलने मान हलवली. एकेक घास नीट चावून तिने तो संपवला, टोपलीतले तुकडे बोटाने गोळा केले, तेही तोंडात टाकले, पाणी प्यायली.

"संपले," काकू म्हणाल्या आणि पाय पसरले. "मनी भैस."

हात धुऊन कमल नानांची पिशवी भरायला बसली. सदरे, धोतरं, चष्म्याचं घर, काढ्याची पूड. ज्योत्स्ना शेजारी येऊन बसली. मनू झोपली होती, तिचा एक हात ज्योत्स्नाच्या मानेवर होता.

कमल पिशवीकडे पाहूनच सांगत होती. सकाळी उठल्यावर आधी गरम पाणी, चहा नंतर. भाकरी लागते, पोळी चालते पण रोज नाही. ढास आली तर घाबरून पाठीवर मारायचं नाही, हात नुसता ठेवायचा आणि खाली घ्यायचा, सावकाश. झोपताना उशा दोन. रागावले तर गप्प राहा, थोड्या वेळाने स्वतःच काहीतरी विचारतात, मग रागावलो होतो हे ते विसरतात आणि आपणही विसरायचं.

ज्योत्स्ना मान हलवत होती. प्रत्येक गोष्ट ती ओठातल्या ओठात पुन्हा म्हणत होती.

कमलने घोंगडी घडी करून पिशवीत वरच ठेवली, चेन ओढली, आणि मग पुन्हा उघडून ती घोंगडी बाहेर काढून ज्योत्स्नाच्या हातात दिली.

"ही पिशवीत नको. हातात ठेव. थंडी वाजते म्हणून ते सांगायचे नाहीत. विचारू नको त्यांना. नुसती अंगावर टाक."